खुंटीवरचा फेटा

सांगलीच्या स्टँडवर पणजीची गाडी लागली तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग स्वतः वर ठेवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत काढलेला माणूस, निरोप देतानाही कंबर ताठ. आमच्या कुंडलच्या बाजूला पोरगं घर सोडतं ते भरतीसाठी, नाहीतर तालमीसाठी. मी निघालो होतो गोव्यात चेंडू अडवायला. गाडी हलली तसे आबा म्हणाले, "पाठ लागली न्हाई तवर गडी हरत न्हाई. ध्यानात ठेव." आई आलीच नव्हती. बघवायचं नाही म्हणाली.

फुटबॉलचं खूळ मला विश्रामबागच्या कॉलेजात लागलं. लहानपणापासून तालमीच्या मातीत आपटून घेतलेलं, त्यामुळे पडायची भीती नव्हती. सरांनी उंची बघितली आणि गोलात उभं केलं. आबांना ते कधी रुचलं नाही. "चड्डी घालून दोन खांबांत हुबं ऱ्हायाचं, ह्ये काय काम झालं व्हय रं?" असं ते चारचौघांत म्हणत. लंगोट लावून मातीत लोळणाऱ्या घराण्यानं चड्डीला हसावं, याची मला लय चीड यायची. मला त्यांच्याकडून एकच हवं होतं. त्याच चारचौघांत त्यांनी एकदा माझ्या खेळाला खेळ म्हणावं. पगार, फोटो, सगळं त्याच्या नंतर.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना वाटतं बाहेर गेलेला सुखात असतो. तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, ते फोनवर सुखातच असल्याचं सांगता. मडगावात माझी खोली बेकरीच्या मागे होती. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा आणि माझं पोट भाकरी मागायचं. ज्या क्लबनं मला घेतलं होतं, तिथं मी दुसरा कीपर. म्हणजे सराव सगळ्यांबरोबर, घाम सगळ्यांइतका आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून टाळ्या. गावाकडून विचारणा व्हायची, टीव्हीवर कवा दिसणार? मी म्हणायचो, दिसेन.

मग त्या वर्षीचा देशपातळीवरचा कप आला. बाद पद्धतीचा, हरला तो घरी. आमचा क्लब छोटा, पात्रता फेरीतून कसाबसा आत शिरलेला. पहिल्याच फेरीत आमच्या मुख्य कीपरचा खांदा निखळला आणि कोचनं माझ्याकडे ग्लोव्हज फेकले. ती फेरी आम्ही काढली, पुढचीही काढली. उपांत्यपूर्व फेरीत समोर आला तो देशभर नाव असलेला कोलकात्याचा क्लब. त्या आठवड्यात आबांनी पहिल्यांदा आपण होऊन फोन केला. "किती वाजता हाय?" एवढंच विचारलं. मी दिवसभर हवेत होतो.

तो सामना मी खेळलो तसा आयुष्यात परत खेळलो नाही. त्यांनी धडका मारायच्या आणि मी अडवायच्या, असंच चाललं होतं. आमचा कॅप्टन लंगडत बाहेर गेला आणि त्याचा पट्टा माझ्या दंडावर आला. वेळ संपला, जादा वेळही संपला, गोल नाही. रेफरीनं शिट्टी मारली, मला आणि त्यांच्या कॅप्टनला मधे बोलावलं. आम्ही हात मिळवले. पेनल्टी कुठल्या गोलावर घ्यायच्या त्यासाठी नाणं उडालं.

इकडे गावात तालमीसमोर मोठा टीव्ही मांडला होता, आणि पुढच्या खुर्चीवर आबा. पुढं काय झालं ते आईनं मला नंतर सांगितलं. आमच्याकडे नवखा मल्ल एखाद्या नामांकित मल्लाला तासभर स्वतःला चितपट करू देत नाही, तेव्हा पंच दोघांना मधे घेतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. अशी बरोबरी नवख्याला जिंकल्यासारखीच. त्याला फेटा बांधतात, हलगी लावून मारुतीला नेतात. टीव्हीवर गावानं बघितलं, पंच मधे, शेजारी आपला गडी, पलीकडे मोठा गडी, हातात हात. झालं. हलगी कडाडली, गुलाल उडाला. वस्तादांनी आबांना फेटा बांधला. एकदोन पोरं "आवं, अजून हाय" म्हणत होती, पण हलगीपुढं त्यांचं ऐकतो कोण. आबांना पुढं घालून सगळं गाव मारुतीकडे निघालं. टीव्ही मागं एकटाच चालू राहिला.

त्या टीव्हीत मी हरत होतो. शेवटच्या पेनल्टीला चुकीच्या बाजूला झेपावलो, चेंडू जाळ्यात गेला आणि मी वळून उताणा झालो. पाठ गवताला लागलेली, वर दिव्यांचा लखलखाट.

ड्रेसिंग रूममध्ये बूट काढत होतो, तेव्हा आईचा फोन आला. "आबास्नी फेटा बांधलाय रं. लय वाजीवलं." मी म्हणालो, "आई, हरलो गं." फोन आबांनी घेतला.

"बरोबरीत सुटली न्हवं?"

"न्हाई आबा. नंतर पेनल्टी असत्यात. त्यात गेली."

मागं हलगी अजून वाजतच होती. ते म्हणाले, "मंजी कुस्ती सोडवल्यावर परत लावली. ह्यो कसला खेळ रं?" आणि मग, "आता गावाला काय सांगू?"

मला लागलंय का, मी जेवलो का, हे त्यांनी विचारलं नाही. ते मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा फेट्याची घडी घेऊन वस्तादांकडे गेले. पाठ लागलेल्याचा मान घेत नसतात, म्हणाले. वस्ताद म्हणाले, बांधलेला फेटा माघारी घेत नसतात. दोघंही हट्टी. फेटा तालमीच्या खुंटीवर गेला. पुढच्या जत्रेला मी गेलो तेव्हा बघितला, रंग विटलेला, वर धूळ. आखाड्यात बाहेरगावी नाव काढलेल्या पोरांना पुकारून नारळ दिले. मला पुकारलं नाही. आबा समोर बघत बसले होते. हंगाम संपल्यावर क्लबनंही मला मोकळं केलं.

आता मी मडगावात एका शाळेत खेळ शिकवतो. बायको इथलीच, पोरगी घरात कोंकणी बोलते, भाकरी मीच थापतो. इथं मला हरलेला म्हणून कुणी ओळखत नाही, कारण तो सामना कुणाच्या लक्षातच नाही. गावात लक्षात आहे. घर म्हणजे हेच असेल, तर ते माझं अजून पक्कं आहे.

परवा या वर्षीच्या कपातला एक सामना बघत होतो. जादा वेळ संपला, गोल नाही. रेफरीनं दोन्ही कॅप्टनना मधे बोलावलं, त्यांनी हात मिळवले. मी उठून टीव्ही बंद केला.

"अरे, आजून पेनल्टी आसात मरे," बायको म्हणाली.

आहेत, मला माहीत आहे. पण तेवढ्या वेळापुरता गावात माझा बाप फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं चालत असतो.