लिंबूटिंबू

दैवशालाबाई आमच्या धावड्यातल्या अंगणवाडीच्या सेविका, आन् मी बेबीनंदा, त्यांची मदतनीस. मदतनीस म्हंजी खिचडी शिजवायची, झाडायचं, लेकरायची नाकं पुसायची. पण बाईंनी हे दोरीचं काम काढलं आन् माझी कंबर गेली.

साडेचार वर्षांच्या अक्षताला जन्मापासून दिसत न्हाई. तिची आई तृप्ती तिला कडंवरच आणायची आन् कडंवरच न्यायची. पोरगी एकदा जरी पडली तर पुन्हा पाठवणार न्हाई, असं तिनं बजावून ठेवलेलं. बाईंनी मान हालवली आन् अंगणात कामाला लागल्या. चार खुंट रोवून लेकरायच्या कमरेएवढं दोरीचं रिंगण केलं. दारापासून तिथवर अजून एक दोरी, धरून चालायला. झोक्याभोवती रेती टाकली, म्हंजी पायाला रेती लागली की थांबायचं.

झालं! दोरी रोज कुणीतरी शेळी बांधायला नेणार. रेती कुणाच्या तरी ओट्याला जाणार. मी सकाळी गावभर शिव्या देत हिंडायची आन् बाई खाली बसून गाठी मारायच्या. लेकरायची वजनं घ्या, मोबाइलात माहिती भरा, घरोघर फिरा, आन् वरून हे. एकदा म्हणले, बाई, सोडा ना नाद. त्या पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, मीबी थकले गं, पण गाठ मार.

एवढं करून अक्षता खेळात लिंबूटिंबूच. शिवलं तरी आउट न्हाई, राज्य तर कधीच न्हाई. लेकरं मायेनंच करायची, पण तिचं तोंड एवढंसं व्हायचं. बाईंच्या ते लय मनाला लागलं. मंग त्यांनी नियम काढला, राज्य असंल त्याच्या पायात घुंगरं, बाकीच्यांनी रिंगणात टाळ्या वाजवत पळायचं.

परवा कल्याण नावाच्या पोरानं अक्षताला शिवलं. सवयीनं सगळी म्हणाली, सोड, ती लिंबूटिंबू हाय. अक्षतानं पाय आपटला.

"मी आउट झाले. मला राज्य द्या."

मी घुंगरं बांधली. पोरगी टाळ्यांमागं काय पळाली, बापरे! आन् स्वतःच्याच पायात पाय अडकून आपटली. गुडघा फुटला. नेमकी तृप्ती तिला न्यायला आल्ती, ती धावत रिंगणात शिरली. मी बाईंकडं बघितलं. संपलं, म्हणलं मनात, समदी मेहनत मातीत.

अक्षता उठली. चाचपडताना तिच्या हाताला पदर लागला, तो तिनं घट्ट धरला.

"आई, तू आउट. आता तुझ्यावर राज्य."

तृप्तीला रडू फुटलं. लेकरं तिच्या पायाकडं बघून राह्यली. मी कंबर धरून खाली बसले, घुंगरं सोडली आन् तृप्तीच्या पायात बांधली.

दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा गायब. शोधायला तृप्ती आली माझ्यासंगं, अक्षताला अंगणात सोडून.