ऑरिनने न पाहिलेली दांडी

स्कोगेन गावात कुणाची गवत कापायची गाडी अडून बसली की लोक आधी तिला दोन शिव्या घालत आणि मग ऑरिन ट्वेटनला फोन लावत. गाडी म्हणजे वर बसून चालवायची. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात घरापुढे एकेक एकर गवत असतं. ते वाढलं तर शेजारी तोंडावर काही बोलत नाही, रविवारी चर्चमध्ये 'तब्येत बरी आहे ना?' एवढंच विचारतो. पण त्या एवढ्याशा प्रश्नाने माणूस आठवडाभर मान खाली घालून फिरतो.

ऑरिनची खासियत म्हणजे हायड्रो. या गाड्यांना गिअर नसतात. मागच्या बाजूला एक बंद पेटी असते, तीच हायड्रो; तिच्यात तेल दाबाने फिरतं आणि ते चाकं फिरवतं. पायाखालची पट्टी दाबली की पुढे, उलटी दाबली की मागे. पेटी बंद आहे, तिला देखभाल लागत नाही, असं विकणारे सांगतात. ऑरिन म्हणायचा, देखभाल न लागणाऱ्या वस्तू फक्त दफनभूमीत असतात, आणि तिथलंही गवत कापावंच लागतं. चढावर गाडी मरगळायला लागली की तो पेटी उतरवायचा, काळं पडलेलं तेल ओतून टाकायचा, नवं भरायचा आणि आत अडकलेली हवा धीराने बाहेर काढायचा. काम झाल्यावर लोक म्हणत, 'वाईट नाही.' त्या गावात याहून मोठी स्तुती कुणी कुणाच्या मयतीतही करत नाही.

फोन मात्र आर्डिस घ्यायची, त्याची बायको. सबंध संसार तिने स्वयंपाकघरातल्या त्या फोनपाशी केला म्हटलं तरी चालेल. ऑरिनने तिला पहिल्याच वर्षी पढवून ठेवलं होतं, की कुणीही म्हणालं, इंजिन चालतंय पण गाडी हलत नाही, तर पुढचं काही ऐकायचं नाही. आधी त्याला गाडीच्या मागे पाठवायचं. तिथे एक लोखंडी दांडी असते. ती ओढली की चाकं मोकळी होतात आणि बंद गाडी हाताने ढकलता येते. हिवाळ्यात बर्फ उडवायच्या यंत्राला जागा करायची म्हणून सगळं गाव दांडी ओढून गाडी शेडच्या कोपऱ्यात ढकलतं, आणि वसंतात अर्धं गाव ती परत आत सारायला विसरतं. मग इंजिन गरजतं, पाती फिरतात, पण गाडी जागची हलत नाही.

हार्लन ब्रेक्के तर एकदा गाडी ट्रेलरवर चढवून थेट दोन गावं ओलांडून आला होता. ऑरिनने ट्रेलरवरून ती उतरवूही दिली नाही, बुटाच्या टोकाने दांडी आत सारली आणि म्हणाला, "जा घरी." काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यानंतर चर्चच्या कॉफीला हार्लन दिसला की ऑरिन विचारायचा, "काय हार्लन, मागे बघितलंस का?" बिचारा हार्लन पाठीमागे बघायचा आणि सगळे हसायचे. ही चेष्टा इतकी वर्षं चालली की हार्लनच्या नातवंडांनाही पाठ झाली.

त्या वर्षी मे महिन्यात ऑरिनचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके भरेपर्यंत गाडीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑरिनने मान डोलावली, आणि घरी आल्यावर खिडकीतून गवताकडे असा बघत बसला की आर्डिसने ओळखलं, हा काही ऐकत नाही. सांगून उपयोग नव्हता. चाळीसएक वर्षांत तिने सांगितलेलं त्याने दोनदाच ऐकलं होतं, आणि त्यातल्या एकदा तो तापाने फणफणला होता. म्हणून सोमवारी सकाळी तो दाढी करत असताना ती शेडमध्ये गेली आणि त्याच्या गाडीची मागची दांडी ओढून ठेवली.

ही काही मोठी चाल नव्हती. तिचा हिशेब सरळ होता. ऑरिन येईल, बसेल, गाडी हलणार नाही. तो उतरेल, मागे बघेल, क्षणात त्याच्या लक्षात येईल की ही बायकोची करामत. मग तणतणत घरात येईल, ती कॉफी ओतेल, आणि एवढ्यावरून तरी तो टाके भरेपर्यंत गप्प बसेल. त्याची थोडी जिरवायची, इतकंच तिच्या मनात होतं.

ती खिडकीपाशी ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट भाजीचे दांडे चिरत उभी राहिली. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग ते बंद झालं. परत सुरू झालं, परत बंद. ऑरिन उतरला. आर्डिसला हसू फुटत होतं. ऑरिनने पुढचं झाकण उघडलं. आत वाकून बराच वेळ काही बघितलं. मग खाली गुडघ्यावर बसून इंजिनाकडून पेटीकडे जाणारा पट्टा चाचपला. अस्सं, तिला वाटलं, माझीच फिरकी घेतोय. कळलंय याला सगळं, आता मला दिवसभर लटकत ठेवणार. तिनेही ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं.

दुपारी जेवताना तो म्हणाला की पट्टा घसरतोय, नवा घालावा लागेल. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. तिने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश त्याच्या ताटात वाढलं आणि मनात म्हटलं, नट चांगला आहेस रे. संध्याकाळपर्यंत त्याने नवा पट्टा चढवला. गाडी हलली नाही. तो आत आला, हात धुतले आणि तसाच झोपायला गेला. फिरकी घेणारा माणूस इतका दमत नाही, हे तिला त्या रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं, आणि तिने तो विचार झटकून टाकला.

मंगळवारी त्याने ठरवलं की पेटीत हवा शिरली आहे. मागची चाकं घोडीवर उचलली, तेल बदललं. आता आर्डिस शेडच्या दारात येऊन उभी राहिली, कारण पुढचं तिला तोंडपाठ होतं. फोनवर तिने ते शेकडो लोकांना सांगितलं होतं. हवा काढायची तर आधी दांडी ओढायची, पट्टी पुढेमागे दाबायची, मग दांडी आत सारायची आणि पुन्हा पट्टी दाबायची. म्हणजे आता तरी त्याचा हात दांडीकडे जायलाच हवा होता. ती आधीच ओढलेली आहे हे त्याला दिसायलाच हवं होतं.

ऑरिनने पट्टी पुढे दाबली, मागे दाबली. कितीतरी वेळ दाबत राहिला. चाकं लटकलेली होती तशीच राहिली. मग तो मागे आला, वाकला, त्याचा हात दांडीच्या वीतभर बाजूने पेटीवर फिरला. त्याने पेटी पुसली. दांडीवर उडालेलं तेलही पुसलं. आणि सरळ उभा राहून म्हणाला, "कळत नाही बुवा काय झालंय."

'कळत नाही' हे शब्द आर्डिसने या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि ते तो ज्या सुरात म्हणाला तो सूर तर त्याचा नव्हताच. तिला तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं, 'अरे, मागे बघ ना!' पण ती घरात आली आणि फोनपाशी खुर्चीवर बसून राहिली.

बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडायला लागली आणि प्रत्येक गोष्टीला तिला नव्याने धक्का बसत गेला. गेल्या वर्षापासून तो फोनवर येतच नव्हता. कान गेलेत म्हणायचा. लोक तिला विचारत, तीच उत्तर देई, आणि तिला वाटे, नवरा आपल्यावर विश्वास टाकतोय. पट्ट्याचा नंबर तो तिला विचारायचा, ती सांगायची. परवा एका गिऱ्हाइकाला 'मागे बघ' हे तिनेच सांगितलं होतं, ऑरिन शेजारीच उभा होता, आणि फोन ठेवल्यावर त्याने विचारलं होतं, "मागे काय असतं?" ती हसली होती. थट्टाच वाटली तिला.

बुधवारी तिने दांडी गुपचूप आत सारायचं ठरवलं. तो बसेल, गाडी चालेल, आपणच दुरुस्त केली असं त्याला वाटेल. कुणाला काही कळणार नाही. खरं सांगून काय मिळणार होतं? पण तो दिवसभर शेडमधून हलला नाही, आणि गुरुवारी सकाळी मार्लिस क्नुडसनचा फोन आला.

मार्लिस म्हणजे चर्चच्या दफनभूमीचं गवत कापणारी बाई. येत्या सोमवारी मेमोरियल डे, म्हणजे शहीद सैनिकांचा स्मरणदिन. सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लागायचे, त्याआधी सगळी टेकडी कापून व्हायला हवी. टेकडीचा उतार थेट खालच्या हमरस्त्यावर उतरतो. मार्लिसची गाडी दोन आठवड्यांपासून ऑरिनकडे होती, हायड्रोचं तेल बदलायला. ऑरिनने ऑपरेशनच्या आधीच ते काम संपवलं होतं. गाडी तयार आहे ना, येऊ का ट्रेलर घेऊन, असं तिने विचारलं. आर्डिस सवयीने हो म्हणाली.

फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, ते काम ऑरिनने एकट्यानेच केलं होतं. ती तशीच शेडकडे गेली. ऑरिनची एक पद्धत होती. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चकती 'पाय' हा गोड पदार्थ भाजायच्या जुन्या पत्र्याच्या ताटलीत टाकायची, आणि ताटली रिकामी झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. मार्लिसच्या गाडीजवळ ताटली होती. तीत एक चकती होती आणि एक छोटी कडी होती. मागच्या चाकाला आसावर धरून ठेवणारी. चाकावर प्लास्टिकची काळी टोपी नीट बसवलेली होती, त्यामुळे वरून काही दिसत नव्हतं. आर्डिसने टोपी उचकटली. आत कडीची जागा मोकळी होती. चाक नुसतं सरकवून ठेवलेलं होतं.

ती ताटली हातात घेऊन उभी राहिली. ते चाक सपाट जागेवर काही तास टिकलंही असतं. पण त्या उतारावर, आडवं कापताना, मार्लिस वर बसलेली असताना ते हळूहळू बाहेर आलं असतं, आणि खाली हमरस्त्यावर धान्याचे ट्रक सुसाट जात असतात. पुढचं तिला विचारवेना.

तेवढ्यात मार्लिसचा ट्रक अंगणात शिरला. ऑरिन बाहेर आला, हात वर केला आणि गाडी तयार आहे, घेऊन जा म्हणाला.

"अजून नाही," आर्डिस म्हणाली.

"मी म्हणतोय ना, तयार आहे."

"मार्लिस, तू आत जा बघू. 'पाय' भाजून ओव्हनमधून आत्ताच काढलाय. कॉफी घे, आम्ही आलोच."

मार्लिसने दोघांकडे बघितलं. नवराबायकोचं काहीतरी वाजलंय असं समजून ती मुकाट्याने स्वयंपाकघराकडे वळली. दार बंद झाल्यावर आर्डिसने ताटली ऑरिनपुढे धरली. त्याने बघितलं. आधी त्याला काहीच वाटल्याचं दिसलं नाही. मग त्याची नजर चाकावर गेली, तिथून ताटलीवर, परत चाकावर, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"हे मी...?"

"हो."

तो उपड्या बादलीवर बसला. आर्डिसला वाटलं, आता पुरे. एवढंच बस आहे. पण अर्धं सांगून ठेवलं तर उरलेलं आपल्याला पुन्हा कधी सांगता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ऑरिन, तुझी गाडी बिघडलेली नाही. सोमवारी मी तिची दांडी ओढून ठेवली. तू बसू नयेस म्हणून. मला वाटलं, तुला मिनिटात कळेल."

ऑरिन मग उठला, आपल्या गाडीच्या मागे गेला, गुडघ्यावर बसला. दांडीकडे बघत राहिला. बोट लावलं. आत सारली. खट आवाज झाला. तो उठला नाही, तिथेच बसून राहिला, आणि आर्डिसला त्याच्या पाठीवरूनच कळलं की तो रडतोय. तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, त्याचा भाऊ गेला तेव्हाही नाही. ती घाबरली.

"रागावलास माझ्यावर?"

"नाही गं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "चार दिवस मी समजत होतो की हायड्रो गेली. कामातून गेली, आता फेकायची. वाईट वाटत होतं." त्याने दांडीवरून बोट फिरवलं. "हायड्रोच गेली असती तर बरं झालं असतं, आर्डिस."

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. असं काही नसतं, वय झालं की होतं, डॉक्टरकडे जाऊ, हे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. त्याला खोटं बोलणं आवडत नसे, आणि यंत्राच्या बाबतीत तर मुळीच नाही.

शेवटी त्यानेच तिच्या हातातली ताटली घेतली आणि मार्लिसच्या गाडीपाशी गेला. चकती आसावर सरकवली. मग कडी बोटांत धरून थांबला. एरवी त्याने डोळे मिटून बसवली असती.

"खोबणीत," आर्डिस हलकेच म्हणाली. "सपाट बाजू बाहेर."

त्याने बसवली. पक्कड घेऊन दाबली. मग चाक ओढून बघितलं, आणि बाजूला झाला. "तू ओढ," म्हणाला. तिने ओढलं. चाक हललं नाही. मग त्याने तिला दुसरं चाक ओढायला लावलं, मागची दांडी बघायला लावली, ब्रेक दाबायला लावला, तेल कुठे ठिबकतंय का ते वाकून बघायला लावलं. ती एकेक करत गेली आणि तो हात मागे बांधून उभा राहिला. ज्या शेडमध्ये चाळीस वर्षं त्याने कुणाला पान्याला हात लावू दिला नव्हता तिथे त्याची बायको गुडघ्यावर बसून नटबोल्ट चाचपत होती आणि तो नुसता बघत होता.

मार्लिस ओठावरचे पायचे कण पुसत बाहेर आली. गाडी ट्रेलरवर चढली, साखळ्या अडकवून झाल्या. ट्रकमध्ये बसून निघता निघता तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "ऑरिन, टेकडीवर दगा नाही ना देणार?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "आर्डिसने तपासलीय."

मार्लिस मोठ्याने हसली. ऑरिन ट्वेटनने केलेला हा सगळ्यात चांगला विनोद, असं तिला वाटलं असावं. मग तिने पाहिलं की दोघांपैकी कुणीच हसत नाहीये. ती एकदा ऑरिनकडे, एकदा आर्डिसकडे बघत राहिली, आणि चावी फिरवायची विसरून ट्रकमध्ये तशीच बसून राहिली.