दाराबाहेरची ग्लाफिरा

संगीतकार पोर्फिरी लुगोवॉयने चार ऑपेरा लिहायला घेतले आणि एकही पुरा केला नाही. एकात नुसतं वादळ आहे, जहाज यायचं राहिलंय. दुसऱ्यात वऱ्हाड नाचतंय आणि नवरदेवाचा पत्ता नाही. तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. पण माणूस आमच्या क्लुचेव्स्कचा, त्यामुळे दर वाढदिवसाला आमचं नाट्यगृह त्याचा चौथा ऑपेरा जिथवर आहे तिथवर करतं. मग सगळे चहा प्यायला जातात.

ग्लाफिरा तिखोनोव्ना एरवी कोरसमधली. या चौथ्यात मात्र तिचं नाव वेगळं छापलं जाई: सोयरीक आणणारी बाई. मुलीचे आईबाप घरात काळजीत बसलेत, दारावर तीनदा टकटक होते, आणि तिथेच लुगोवॉयने लेखणी खाली ठेवलेली. म्हणून सव्वीस वर्षं ग्लाफिरा फुलाफुलांचा रुमाल बांधून, गालांना लाली लावून दारामागे उभी राही, तीनदा ठोठावी आणि रुमाल सोडून ठेवी. तिचा नवरा कुझ्मा तिसऱ्या रांगेत बसायचा. "माझी बायको ऑपेरात आहे," असं तो म्हणाला की शेजारी म्हणत, "आहे की! दाराबाहेर!"

यंदा ती निवृत्त होणार होती. त्या रुमालात लोकांनी आपल्याला एकदा पाहावं, एवढीच तिची इच्छा. ती वाद्यवृंदाच्या प्रमुखांकडे, वेनियामिन सावेलिचकडे गेली.

"एक ओळ गाऊ द्या मला. एकच."

"ग्लाफिरा तिखोनोव्ना, त्याने लिहिल्यापेक्षा एक सूरही जास्त वाजणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही!"

असा हेकट माणूस. ती घरी आली. चुलीपाशी बसल्या बसल्या तिची नजर वर तुळईकडे गेली. कुझ्मासाठी तिला मागणी घालायला आलेली त्याची मावशी एक शब्द बोलली नव्हती. आत आली आणि तुळईखाली बसली. सोयरीक घेऊन आलेली बाईच तुळईखाली बसते; आमच्याकडे त्यावरूनच सगळं कळतं.

वाढदिवसाला तीनदा टकटक झाली, वाद्यं थांबली. पडदा ओढणारा दोरीला हात घालतोय तोच दार उघडलं. ग्लाफिरा आत आली, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि रंगवलेल्या तुळईखालच्या बाकावर जाऊन ऐटीत बसली.

मग गॅलरीतून एक आजी ओरडली, "दिली! मुलगी दिली!"

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. कुझ्मा शेजाऱ्याच्या पाठीत धपाटे घालत होता, "आत आली बघ! आत आली!" त्याचे डोळे वाहत होते, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती.

पडदा पडल्यावर आत वेनियामिन सावेलिच स्वरलिपीची वही काखेत मारून तिच्यासमोर उभे राहिले. ग्लाफिराने मान खाली घातली.

"सूर एकही वाढला नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जरा सावकाश बसा. लोकांना रुमाल नीट दिसू दे."

"पुढच्या वर्षी मी निवृत्त असेन."

"गाण्यातून," ते म्हणाले. "बसायला गळा कशाला लागतो?"