धाकटीचं दूध

कळपातलं उपाशी कोकरू केराबाई लांबून ओळखायची. मंगळवेढ्याच्या माळावर मेंढ्या राखण्यात तिचा जन्म गेलेला. पण लेकीच्या जुळ्या पोरी पोटाला पोट चिकटून जन्मल्या, तेव्हा तिचं सगळं शहाणपण पळालं.

पोटुशी असताना सोनोग्राफीत गावातल्या डॉक्टरांनी पडदा पुन्हा पुन्हा न्याहाळला. मग त्यांनी लेकीला, ऋतुजाला, थेट सोलापूरला धाडलं. सिझर झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हृदयं दोन आहेत, यकृत जोडलेलं आहे. काही महिन्यांनी वेगळं करू. तोवर दोघींचं वजन वाढवायचं."

केराबाईनं ठरवून टाकलं, ऑपरेशन होईपर्यंत नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की जीव लागतो, आणि पुढं काही बरंवाईट झालं तर? बारसं राहिलं. दवाखान्याच्या वहीत पोरी नुसत्या डावी आणि उजवी झाल्या.

दूध वाटी-चमच्यानं, एका वेळी एकीला, असं आळीपाळीनं पाजायचं. काट्यावर दोघींचं मिळून वजन वाढत होतं, म्हणून सगळे खूश. केराबाईला मात्र एकीच्या मांड्या सुकलेल्या दिसत.

"बारकी उपाशी हाय," ती म्हणे. नर्स वही दाखवी: डावीला दिलं, उजवीला दिलं.

एके दिवशी केराबाई सकाळपासून खाटेशी ठाण मांडून बसली, आणि तिला उमगलं. सकाळची नर्स खिडकीकडून पाजायची, दुपारची दाराकडून. एकीची डावी ती दुसरीची उजवी! वहीत शेवटी 'उजवी' लिहिलेलं बघून दुपारची आपल्या डावीला पाजायची. सकाळी शेवटी प्यायलेल्या थोरलीलाच दुपारी पुन्हा मिळायचं, आणि धाकटी रडून रडून झोपायची.

केराबाईला स्वतःचाच राग आला. आपल्या मेंढ्यांना नावं आहेत आणि ह्या लेकरांना नाहीत! मान आत्याचा होता, पण आत्याची वाट बघायला सवड कुणाला? तिनं वाकून थोरलीच्या कानात 'सोनम' म्हटलं, धाकटीच्या कानात 'बाणाई'. नर्सकडून दोन पट्ट्या लिहून घेतल्या आणि दोघींच्या पायांत बांधल्या.

ऋतुजाला रडू फुटलं. "आये, तूच म्हनली हुतीस की, नाव ठेवलं की जीव लागतो म्हनून."

"लागलाय की कवाच." केराबाईनं चमचा भरला. तिचेही डोळे वाहत होते. "आन् उद्या काय वंगाळ झालंच, तर काय डावी गेली म्हनून रडायचं व्हय?"

त्या दुपारी बाणाईनं वाटी संपवली.