नाइस म्हणून गेलेला पाहुणा

कुणी माझ्या कशालाही ‘नाइस’ म्हटलं, की मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघते. हा शब्द मला सरळ वाटतच नाही. साडी नाइस, भाजी नाइस, घर नाइस! बोलणारा चहा पिऊन निघून जातो आणि त्याला नेमकं काय आवडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या कोल्हापुरात असं तोंडदेखलं बोलायची रीत नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, म्हशींच्या बाजारात दलाली करायचे आणि त्यांचं सगळं शहाणपण तिथलंच. ज्याला म्हैस घ्यायची असते तो तिचे दात बघतो, कासेला हात लावतो, ‘पान्हा चोरती जणू’ म्हणून नावं ठेवतो. जो ‘चांगली हाय की’ म्हणून पुढं सरकतो, तो काही फिरून येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला पाहायला पहिले पाहुणे आले. मुलगा शिरोलीच्या एका कारखान्यात इंजिनिअर, शिकलेला पुण्यात. पोह्यांचा पहिला घास घेऊन म्हणाला, “नाइस.” दारावरचं मण्यांचं तोरण पोरीनं केलंय असं आईनं सांगितलं, तर “व्हेरी नाइस.” मग त्यानं मला विचारलं, “वाचायला काय आवडतं?” मी सांगत गेले आणि तो माझं बोलणं संपेपर्यंत थांबला. आमच्याकडं असं कोण थांबतंय! मला तो आवडला. पण मुलीनं आपणहून तसं सांगायची पद्धत नव्हती आणि मला कुणी विचारलंही नाही.

निघताना त्यानं अंगणात बांधलेली आमची म्हैस बघितली. म्हातारी, भाकड, एक शिंग मोडलेलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो हसून म्हणाला, “नाइस!”

तिथंच माशी शिंकली. पाहुणे बोळातून बाहेर पडायच्या आत आबा कडाडले, “ह्यो गिऱ्हाईक न्हाय! मोडक्या शिंगाच्या भाकडीला नाइस म्हणतोय, त्यानं पोरीला नाइस म्हटलं तर त्यात काय राम हाय? एक खोड काढली न्हाय. घ्यायचंच न्हाय त्यास्नी.”

“अवो, शिकल्याली माणसं बोलत असतील तसं,” आई चाचरत म्हणाली.

“तसंच बोलत्यात आन् तसंच जात्यात.”

निरोपाची वाट बघायलाही ते तयार नव्हते. संशय मोठा चिकट. तो मलाही लागला. भाकऱ्या थापताना मी त्याचं एकेक नाइस आठवून उलटंपालटं करून बघत होते.

लगेच दुसरं स्थळ आलं, कोडोलीकडचं. मुलाच्या आईनं मला खोलीभर चालवलं, वेणी हातात धरून ओढून बघितली. “रंग दबकाच हाय. केस बी पातळ. आन् बोलती जरा जास्तच न्हवं?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांचा चेहरा मात्र खुलत चालला होता. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच संध्याकाळी सुपारी फुटली.

हळदीच्या दिवशी, शिरोलीच्या मुलाचं स्थळ सुचवणारे गुरुजी सायकल दामटत आले. मांडव बघून दारातच थबकले, पण आणलेला निरोप सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. मुलाचे थोरले काका गावाला गेले होते, त्यांना विचारल्याशिवाय त्या घरातून होकार जात नसे, म्हणून उशीर झाला. “मुलगी पसंत आहे. मुलगा तर आल्यापासून दुसरं काही बोलतच नाही,” ते म्हणाले.

आबांनी त्यांना चहा पाजला, रस्त्यापर्यंत पोचवलं. मग आत आले, बायकांना बाहेर जायला सांगितलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. दिवसभर बाजारात ओरडणारा माझा बाप, त्यानं आवाज अगदी खाली आणून विचारलं,

“तुला पसंत हुता का गं त्यो?”

माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. राग एवढा आला होता की रडूही येईना.

“आता इचारताय व्हय, आबा?”