कपाच्या बुडाएवढं स्टेशन

ज्या कचेरीत काम होतं तिथं फायली साठतात. जिथं होत नाही तिथं किस्से. आमच्या मेट्रो कक्षात मी नऊ वर्षं कारकून होतो. मेट्रो काही आली नाही, त्यामुळं किस्से भरपूर! त्यातले बरेचसे एकाच स्टेशनाचे आहेत. शहरात ते स्टेशन कुणाला ठाऊक नाही, यात शहराची चूक नाही. ते झालंच नाही.

*

कक्ष म्हणजे दोन खोल्या, एक साहेब, मी आणि आरेखक कादरीभाई. कादरीभाई रेघ ओढताना श्वास धरून ठेवत, इतका त्यांना नकाशाचा आदर. चहा मात्र ते स्वतःच्याच कपात घेत. जाड, पांढरा कप, बुडाच्या कडेचा टवका उडालेला.

एकदा सल्लागार कंपनीची माणसं येणार म्हणून मार्गाचा मोठा नकाशा टेबलावर पसरला होता. सगळी स्टेशनं पेन्सिलीनं चौकोनी काढलेली. कादरीभाईंचा कप जेवणाच्या सुट्टीत तसाच नकाशावर राहिला. उचलला तेव्हा शहराच्या कडेला नव्यानं वाढणाऱ्या एका वसाहतीवर तपकिरी वर्तुळ उमटलेलं, एका बाजूला जरासं तुटलेलं.

"या अल्ला! पोंछ देता मैं," म्हणत ते फडकं शोधायला गेले. फडकं मिळेपर्यंत पाहुणे आत आले होते.

पाहुण्यांच्या प्रमुखानं चष्मा वर केला. "बाकी सगळी चौकोनी, हे एकच गोल कसं?"

आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं म्हणायची आमच्या साहेबांना सवय नव्हती. ते म्हणाले, "ते खास आहे."

*

दोन महिन्यांत खास स्टेशनाचं डिझाइन आलं. वर्तुळाकार इमारत, वर घुमट. खाली लिहिलेलं, 'शहराच्या ऐतिहासिक वास्तूंपासून प्रेरणा घेऊन.' आणि वर्तुळ जिथं तुटलेलं होतं, तिथं पूर्वाभिमुख भव्य प्रवेशद्वार!

कादरीभाईंनी ते पाहिलं आणि हळूच कप उलटा करून मला दाखवला. "जोशीसाब, मेरे कप का टवका दरवाज़ा हो गया!"

मग त्यांना राहवेना. धीर करून साहेबांकडं गेले, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कादरी, फाइल मुंबईला गेली. आता तो डाग नाही, स्टेशन आहे."

*

प्रदर्शनासाठी स्टेशनाचं थर्माकोलचं मॉडेल झालं. समोर बाग, बागेत निळ्या रंगाचं कारंजं. प्रदर्शन नेमकं ऐन दुष्काळात. पैठणच्या धरणाचा तळ दिसत होता आणि शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही सांगता येत नव्हतं.

एक म्हातारे काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमी आठ आठ दिस टँकरची वाट बघावं, अन् हितं मेट्रोच्या दारात कारंजं व्हय?"

मागं घोळका जमला, आवाज चढले. संध्याकाळी साहेबांनी कारंज्यावर हिरवा रंग मारून घेतला. इतक्या झपाट्यानं अमलात आलेली पाणीकपात मी नोकरीत दुसरी पाहिली नाही.

*

आता बाईंविषयी. वर्तुळाच्या बरोबर मधोमध जो प्लॉट येत होता, तो पाटीलबाईंचा. वैजापूरकडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून त्या निवृत्त झालेल्या. शहरात भाड्याच्या खोलीत एकट्या राहत. प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या, एवढंच मागणं. त्यांच्या अर्जाला मी उत्तर टाइप केलं, 'आपला भूखंड प्रस्तावीत मेट्रो स्थानकाने बाधीत आहे.'

सोमवारी बाई स्वतः आल्या आणि पत्र माझ्यापुढं ठेवलं. 'प्रस्तावित' ऱ्हस्व, 'बाधित' ऱ्हस्व, दोन्हींखाली लाल रेघ. तळाशी, दहापैकी चार.

"चार कशाचे बाई?" मी विचारलं.

"समास नीट सोडलाय."

मग त्या दर सोमवारी यायच्या. आमच्या भिंतीवरची सूचनासुद्धा त्यांनी तपासून दिली. चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांआड करणं त्यांना जमतच नसे. घराचं विचारायच्या तेव्हा मात्र आवाज खाली यायचा.

"स्लॅब पडलेला बघायचाय हो मला. हार घातलेल्या फोटोतून नव्हे."

बाईंची चप्पल दारात वाजली की कादरीभाई कप ड्रॉवरमध्ये ठेवत. चहा भरलेला असला तरी. ड्रॉवरमधले कितीतरी कागद त्यामुळं वाया गेले. स्टेशन मात्र त्यातल्या एकाचंही झालं नाही.

*

माती तपासणीचं मशीन आलं ते बाईंच्याच प्लॉटवर. जमीन खांब कितपत धरेल हे पाहायला भोक पाडायला घेतलं आणि त्या कोरड्या वर्षी नेमकं तिथं पाणी लागलं!

अर्ध्या तासात अख्खी वसाहत हंडे, कळशा, बादल्या घेऊन हजर. मशीनवाला घाबरून मशीनच्या गाडीच्या टपावर चढला. साहेब धावत गेले आणि लोकांना मेट्रोचे फायदे समजावून सांगू लागले. एका बाईनं हंडा कमरेवर घेतला आणि त्यांना मधेच थांबवलं.

"साहेब, मेट्रो लई चांगली हाय, आमचं काय म्हणणं नाय. आमच्या गल्लीत आणखी दोन स्टेशनं पाडा!"

पाटीलबाई कडेला उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "माझ्या जागेत मेट्रो मावते, पाणी मावतं, माणसं मावतात. मीच तेवढी मावत नाही."

मी कार्यालयात येऊन अहवाल टाइप केला, 'पाणी लागल्याने काम स्थगित.' ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.

*

शेवटचा किस्सा हरकतींच्या सुनावणीचा. साहेब बदलून गेले होते, नवीन मॅडम आल्या होत्या. कादरीभाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरलेले. या वयात चौकशी लागली तर पेन्शन अडकणार, हे त्यांना आणि मला पाठ होतं.

बाई मॅडमसमोर बसल्या. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "स्टेशन इथंच का, एवढं सांगा. मी परत येणार नाही."

मॅडमनी फाइल उलटसुलट चाळली. घुमटाची प्रेरणा सापडली, प्रवेशद्वाराची दिशा सापडली. जागेचं कारण सापडेना. मग कपाटातून मूळ नकाशा काढायला लावला आणि टेबलावर पसरला.

"जोशी, याला आधार काय?"

मी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

कादरीभाई उठले. शेजारच्या खोलीत गेले, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. कप घेऊन परतले. त्यातला उरलेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला, रुमालानं बूड पुसलं आणि कप नकाशावरच्या वर्तुळावर ठेवला. जरासा फिरवला. टवका प्रवेशद्वारावर आला.

"ये आधार है, मॅडम," म्हणाले. "मेरा है."

मॅडमनी एकदा कपाकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. मग बाईंचा अर्ज ओढून घेतला, त्यावर स्वतःच्या हातानं घाईघाईनं लिहिलं, सही केली आणि तो बाईंच्या पुढं सरकवला.

'सदर भूखंड बाधीत नाही. परवानगी द्यावी.'

बाईंनी वाचलं. हात आपोआप पर्सकडं गेला. लाल पेन निघालं, टोपण निघालं, निब 'धी'वर येऊन थांबलं.

कादरीभाईंनी हात जोडले. "बाई, नक्को!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"असू दे," म्हणाल्या.