खाली नेलेला नंदादीप

नाशिक सोडून आम्ही उम्म अल कुवैनला आलो तेव्हा नातेवाइकांनी "दुबईला चाललात" म्हणून कौतुक केलं. दुबई कुठली? खाडीच्या काठचं झोपाळू गाव, चार दुकानं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आश्विन लागला तरी सकाळी खिडकीच्या काचा घामेजलेल्या. नवरा कारखान्यात रमला. मी मात्र खोक्यांमधून नुसत्या येरझाऱ्या घालत होते. भांडी आज या फडताळात, उद्या त्या. आणि ईरा, माझी नऊ वर्षांची बडबडी लेक, मुकी झाली होती. शाळेत एकटी डबा खायची, घरी आली की खिडकीशी. खाली मुलं खेळायची. ही वरून बघायची. तिचा तो पाठमोरा वेणीचा शेपटा पाहिला की माझ्या हातातलं भांडं तसंच राहायचं.

घटस्थापनेला नंदादीप लावला आणि हात जोडून देवीला कौल लावला. नऊ दिवस हा दिवा तेवत राहिला तर आम्ही इथे राहू. विझला तर दसऱ्यानंतर मी ईराला घेऊन परत जाईन. नवऱ्याला सांगितलं नाही. फोनवर आईशी मात्र बोलले, दार लोटून. खरं सांगायचं तर मनात चोर होता. एसीच्या झोताने ज्योत कलली की मी धावत जाऊन एसी बंद करायचे, आणि घाम पुसताना वाटायचं, कशाला धावलीस? विझू द्यायचा होता. देवीवर निर्णय सोपवला होता, पण तिला स्वस्थ बसू देत नव्हते.

अष्टमीला आमच्यात घागर फुंकतात. निखाऱ्यावर धूप घालून घागरीच्या पोटात धूर भरायचा आणि तिच्या तोंडावर फुंकर मारत देवीसमोर खेळायचं. माहेरी वीसेक बायका असायच्या. इथे मी एकटी. संध्याकाळी नवरा कामावर असताना कोळसे पेटवले, धूप जरा सढळ हाताने घातला. छताला धूर ओळखणारी ती पांढरी डबी आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. घागर ओठांशी नेली आणि सगळी इमारत बोंबलायला लागली.

जिन्यात पावलांचा गोंधळ. मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, ईराला पुढे घातलं, दाराशी पोचले. मागे दिवा तेवत होता. त्याला तिथेच विझायला सोडून गेले असते तरी कुणी बोल लावला नसता; इतके दिवस जे मागत होते ते आयतं हातात आलं होतं. पण मी उलटी फिरले, दिवा ताम्हनात ठेवला आणि पदराआड धरून जिना उतरले. का, ते तेव्हा कळलं नाही. पाय आपोआप गेले.

खाली वॉचमनने डोक्याला हात लावला. "भाभी, आग लगी है और आप आग लेके आ रहे हो?"

"आग नहीं लगी, भैया. मेरा ही धुआँ है," मी म्हणाले. शरमेने मान वर होईना. सगळी इमारत बघत होती. तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि ज्योत निळी होऊन वातीला चिकटली. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. एवढ्यात माझ्या बाजूने ईराचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा एवढा मोठा. "गाइज, कम फास्ट! मेक अ सर्कल! इट्स नॉट अलाउड टू गो ऑफ!"

आणि मुलं आली. तीच, खिडकीतून दिसणारी. छोट्या छोट्या तळव्यांची भिंत झाली. तळमजल्यावरची अरबी आजी, जिच्याशी आजवर नजरेचीही ओळख नव्हती, काळा अबाया सावरत वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "यल्ला, यल्ला, नज़दीक आओ!" मग माझ्याकडे वळून तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा बुखूर से भी ऐसा हुआ था. सब नीचे. खलास, रोना नहीं." तिच्या त्या सुगंधी धुराने कधीतरी सगळे असेच खाली आले होते तर! मी रडत होते, हे मला तेव्हा समजलं. ज्योत हळूहळू पिवळी झाली, सरळ झाली.

तो योगायोग होता की कृपा, मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी राहायचं की जायचं विचारलं होतं, आणि देवीने माझ्या लेकीला कंठ दिला.

वर आल्यावर दिवा जागेवर ठेवला. ईरा बाजूला येऊन बसली. मग म्हणाली, "आई, उद्या ती सगळी दिवा बघायला येणारेत. तू फोनवर आजीला परत यायचं सांगत होतीस ना... पण आपण असू ना गं इथे?"

मी दिव्यात तेल घातलं, देवीपुढे डोकं टेकलं आणि माझा कौल मागे घेतला.

"असू," म्हटलं. "किती जण येणारेत? प्रसादाचा शिरा करू."